समलिंगी विवाह आणि आशिया : कोर्टात जिंकलं, मग अडलं कुठे?

उंबरठा (धागाकर्ता)

थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाहाची नोंदणी सुरू झाली. तेव्हापासून आपल्याकडे एकच प्रश्न ऐकू येतो : 'त्यांना जमलं, आपल्याला का नाही?' उत्तरही ठरलेलं असतं. ते बौद्ध आहेत, मोकळे आहेत, पर्यटनावर जगतात वगैरे. मला हे उत्तर आळशीपणाचं वाटतं. सगळं संस्कृतीवर ढकललं की कायद्याची कलमं वाचायची गरज उरत नाही.

आशियातल्या चार-पाच ठिकाणची प्रकरणं शेजारी ठेवून बघू. थायलंडच्या घटनात्मक न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये विवाह फक्त स्त्री-पुरुषांचा ठेवणारं कलम १४४८ वैध ठरवलं होतं. म्हणजे थाई लोक कोर्टात हरले आणि संसदेत जिंकले. हाँगकाँगचं बरोबर उलटं झालं. तिथल्या अंतिम अपील न्यायालयाने ५ सप्टेंबर २०२३ ला सांगितलं की विवाहाचा हक्क नसला तरी समलिंगी जोडप्यांच्या नात्याला मान्यता देणारी काहीतरी व्यवस्था सरकारने २ वर्षांत करायलाच हवी. सरकारने विधेयक आणलं तेही अगदी पातळ : आधी परदेशात लग्न किंवा नोंदणी करून या, दोघांपैकी एक जण इथला रहिवासी असू द्या, मग इथे नोंद करू. १० सप्टेंबर २०२५ ला विधिमंडळाने तेवढंही ७१ विरुद्ध १४ मतांनी फेकून दिलं.

तैवान कोर्टातही जिंकला आणि संसदेतही. नेपाळमध्ये अंतरिम आदेशावर गाडं चाललं आहे. आपण १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयात समलिंगी विवाहाच्या 'सुप्रियो' खटल्यामध्ये हरलो आणि ९ जानेवारी २०२५ ला पुनर्विचार याचिकाही गेल्या.

माझा मुद्दा असा, की निकाल कुणाच्या बाजूने लागला यापेक्षा निकालातलं एक वाक्य महत्त्वाचं असतं : मुदतीत सरकारने काहीच केलं नाही, तर काय होईल? तैवानच्या घटनापीठाच्या २४ मे २०१७ च्या निर्वचन क्रमांक ७४८ मध्ये, म्हणजे घटनेचा अर्थ सांगणाऱ्या निकालात, हे वाक्य होतं. २ वर्षांत कायदा करा, नाही केलात तर दोन किंवा अधिक साक्षीदारांच्या सह्या असलेला लेखी कागद घेऊन जोडपी थेट नोंदणी कार्यालयात जातील आणि त्यांची नोंद विद्यमान कायद्याखालीच करावी लागेल. त्यामुळे घड्याळ सरकारच्या विरोधात चालत होतं. हाँगकाँगच्या निकालात मुदत होती, पण मुदतीनंतर आपोआप घडणारं काही नव्हतं. आपल्या निकालात मुदतही नव्हती.

घटोत्कच

मांडणी आवडली, पण तैवानबाबत तुम्ही एक गाळलंत. मधे २४ नोव्हेंबर २०१८ चं सार्वमत होतं, आणि त्यात समलिंगी विवाहाचे समर्थक सपाटून हरले. दिवाणी संहितेतला विवाह एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यापुरताच ठेवावा, याला ७२ टक्क्यांच्या आसपास लोक 'हो' म्हणाले. मग लोकशाहीचं काय? लोकांनी नाही म्हटल्यावर १७ मे २०१९ ला ६६ विरुद्ध २७ ने कायदा करणं याला जनतेचा कौल डावलणं म्हणायचं की नाही?

उंबरठा

नाही, कारण सार्वमतात त्याच दिवशी दुसराही प्रश्न होता : समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला दिवाणी संहितेबाहेरच्या मार्गाने संरक्षण द्यावं का? यालाही बहुमताने 'हो' मिळालं. दोन्ही प्रश्न विरोधकांनीच ठेवलेले. म्हणजे लोकांनी सांगितलं, संहितेला हात लावू नका, वेगळं काहीतरी करा. आणि घटनापीठ सांगून बसलं होतं की विवाहाचं स्वातंत्र्य समान हवं. सार्वमताने कायदा बदलता येतो, घटनेचा अर्थ नाही. या दोन भिंतींमधल्या फटीतून तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष त्साई इंग-वेन यांच्या सरकारने वाट काढली.

ती वाट मुळातून बघण्यासारखी आहे. विधेयकाच्या नावात 'विवाह' घातला तर विरोधक भडकणार, 'सहजीवन करार' घातला तर समर्थक. म्हणून नाव ठेवलं 'न्यायिक युआन निर्वचन क्रमांक ७४८ अंमलबजावणी कायदा' (न्यायिक युआन म्हणजे तिथली सर्वोच्च न्यायसंस्था). नावात नुसता आकडा! कलम २ मध्येही 'विवाह' शब्द नाही. समान लिंगाच्या दोन व्यक्ती एकत्र आयुष्य चालवण्यासाठी घनिष्ठ, अनन्य आणि कायमचं नातं जोडू शकतात, एवढंच. मग कलम ४ येतं आणि शांतपणे म्हणतं की कलम २ मधल्या नात्यासाठी 'विवाह नोंदणी' करावी. सगळी भांडणं या एका शब्दावर झाली होती आणि तो शब्द चौथ्या कलमात नोंदणी कारकुनाच्या कामाचा भाग म्हणून आला.

नारळीपाक

अवांतर, पण राहवत नाही. तैवानच्या त्या कायद्याने जोडीदार मिळतो, सासर मिळत नाही! संहितेतले नियम तुकड्यातुकड्याने उचलताना विवाहाने जुळणाऱ्या नात्यांचा भाग उचललाच नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने सासू, दीर, नणंद ही नातीच तयार होत नाहीत. आपल्याकडच्या निम्म्या सुना हे वाचून अर्ज मागतील.

गंमत सोडली तर हा वेगळा कायदा केल्याचा तोटा आहे. जे लिहून ठेवलं नाही ते मिळत नाही. सुरुवातीला जोडीदाराच्या जैविक मुलालाच दत्तक घेता यायचं. दोघांनी मिळून तिसरंच मूल दत्तक घेण्याची मुभा मे २०२३ च्या दुरुस्तीने आली. परदेशी जोडीदाराच्या देशात असा विवाह मान्य नसेल तर नोंदणी व्हायची नाही, तेही जानेवारी २०२३ मध्ये प्रशासकीय आदेशाने सुटलं. म्हणजे आज भारतीय नागरिक तैवानी जोडीदाराशी तिथे नोंदणी करू शकतो. भारतात परतल्यावर त्या कागदाला काही किंमत नाही, हा भाग निराळा.

दस्तऐवज

थायलंडचं तंत्र याच्या उलट. त्यांनी वेगळा कायदा केलाच नाही, दिवाणी व व्यापारी संहितेतलेच शब्द बदलले. 'पुरुष आणि स्त्री'च्या जागी 'दोन व्यक्ती', 'पती आणि पत्नी'च्या जागी 'जोडीदार' असा अर्थ देणारा थाई शब्द. लग्नाचं वय १७ चं १८ केलं. संहितेत शब्द बदलला की वारसा, पोटगी, दत्तक, समाईक मालमत्ता, उपचाराला संमती, सगळं त्यामागून येतं. प्रत्येक हक्कासाठी वेगळी रांग लावावी लागत नाही.

सगळंच मिळालं असं मात्र नाही. 'वडील आणि आई'च्या जागी 'पालक' या अर्थाचा तटस्थ शब्द घालावा ही सूचना समितीतल्या अल्पमताने केली होती, ती पडली. २०१५ चा सरोगसी कायदा अजून कायदेशीर पती-पत्नीच म्हणतो. लिंगओळख बदलून देणारा कायदा थायलंडमध्ये नाही, म्हणून ट्रान्स स्त्रीचं लग्न लागतं पण नोंदीत नावामागे 'श्रीयुत'च राहतं.

राजकारण म्हणाल, तर चार मसुदे एकाच वेळी सभागृहात होते : सरकारचा, विरोधातल्या मूव्ह फॉरवर्डचा, डेमोक्रॅट पक्षाचा आणि नागरिकांच्या सह्यांचा. म्हणजे श्रेय एकट्याला जाणार नव्हतं आणि विरोध करून कुणाला काही मिळणार नव्हतं. २७ मार्च २०२४ ला कनिष्ठ सभागृहात ४०० विरुद्ध १०, १८ जूनला सिनेटमध्ये १३० विरुद्ध ४. दक्षिणेकडच्या पट्टानी, याला, नराथिवात, सतून या चार प्रांतांत मुस्लिमांचे कुटुंब आणि वारसा हे विषय आधीपासूनच इस्लामी कायद्याने चालतात, त्यामुळे तिथला विरोध झाला तरी तो संहितेच्या वाटेत आडवा आला नाही. राजपत्रात २४ सप्टेंबरला छापून आलं आणि १२० दिवसांनी लागू झालं. ते १२० दिवस नुसते शोभेचे नव्हते. जिल्हा कार्यालयांतले छापील नमुने, संगणकातले रकाने, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, सगळं त्यात उरकलं. पहिल्या दिवशी १,८०० च्या वर जोडप्यांची नोंद झाली ती त्यामुळे.

तिसरी_मुंबई

मग आपल्याकडे विशेष विवाह कायदा, १९५४ आहे की. त्यात 'पती-पत्नी' खोडून 'जोडीदार' लिहा, झालं काम.

दस्तऐवज

इतकं सोपं असतं तर 'सुप्रियो'त बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्या. भट यांनी एवढी पानं लिहिली नसती. कायदा उघडा. कलम ४ ची सुरुवात 'कोणत्याही दोन व्यक्ती' अशीच आहे, वाचून आशा वाटते. चार ओळी खाली खंड (क) : पुरुषाचं वय २१ पूर्ण, स्त्रीचं १८. दोन पुरुष आले तर दोघांना २१, दोन स्त्रिया आल्या तर दोघींना १८ असं लावता येईल, इथवर ठीक.

पुढे पहिलं परिशिष्ट, निषिद्ध नात्यांचं. त्यात दोन याद्या आहेत : पुरुषाने कुणाशी लग्न करू नये आणि स्त्रीने कुणाशी. पहिल्या यादीत सगळ्या बायका, दुसरीत सगळे पुरुष. आता दोन पुरुषांना कुठली यादी लावायची? पहिली लावली तर त्यात पुरुष नातं एकही नाही, म्हणजे अक्षरशः वाचलं तर सख्खा भाऊही निषिद्ध ठरत नाही. यादी नव्याने लिहायला हवी. कलम २७(१अ) मध्ये घटस्फोटाची कारणं फक्त पत्नीसाठी आहेत. ३६ आणि ३७ मधली पोटगी फक्त पत्नीला. दोन पुरुषांत पत्नी कोण? दोघी स्त्रिया असतील तर दोघींनी एकमेकींकडे मागायची?

आणि खरी गाठ कलम २१अ ला बसते. दोघेही हिंदू असतील तर वारसा हिंदू उत्तराधिकार कायद्याने, आणि त्यात पुरुषाच्या वारसांचा क्रम कलम ८ मध्ये, स्त्रीच्या वारसांचा कलम १५ मध्ये. निपुत्रिक स्त्री मेली तर तिची स्वकष्टार्जित मालमत्ता आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांना जाते. इथे 'जोडीदार' लिहिलं की एक कलम नाही, अख्खा क्रम ढवळतो. थायलंडला एक संहिता होती, आपल्याकडे एका कायद्यातून दुसऱ्यात जाणारे भुयारी मार्ग आहेत.

मुळा-मुठा

यात भर. संसदेत प्रयत्न झालाच नाही असं नाही. सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये लोकसभेत विशेष विवाह कायद्याच्या दुरुस्तीचं खासगी विधेयक मांडलं होतं. दोन पुरुषांना २१, दोन स्त्रियांना १८ हेच सूत्र त्यात होतं. खासगी विधेयकांचं होतं तेच झालं, चर्चेलाही आलं नाही. गंमत अशी की पुढच्याच वर्षी 'सुप्रियो'च्या सुनावणीत केंद्राने राज्यांची मतं मागवली, तेव्हा राजस्थान, आसाम आणि आंध्रने विरोध कळवला, आणि महाराष्ट्राने उत्तर प्रदेश, मणिपूर, सिक्कीमसोबत 'आणखी वेळ द्या' म्हटलं. पुरोगामी महाराष्ट्र!

घटोत्कच

राजस्थानात तेव्हा सरकार काँग्रेसचं होतं, हेही लिहा. हा विषय डावा-उजवा असा सरळ विभागत नाही.

मुळा-मुठा

मान्य. म्हणून तर लिहिलं.

काठावरचा

नेपाळबद्दल कुणी बोललं नाही. नेपाळचा प्रश्न उलटा आहे : घटनेत सगळं आहे, कागदावर काही उतरत नाही. डिसेंबर २००७ मध्ये सुनील बाबू पंत यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लैंगिक अल्पसंख्याकांच्या बाजूने आला. २०१५ च्या घटनेत लैंगिक अल्पसंख्याकांचा उल्लेख नावानिशी आला. मात्र नंतरच्या मुलुकी देवानी संहितेच्या (तिथल्या दिवाणी कायद्याच्या) कलम ६७ मध्ये विवाह 'पुरुष आणि महिला' यांचाच राहिला.

जून २०२३ मध्ये न्या. तिलप्रसाद श्रेष्ठ यांच्या एकलपीठाने अंतरिम आदेश दिला, की अशा जोडप्यांच्या तात्पुरत्या नोंदीसाठी वेगळी नोंदवही ठेवा. माया गुरुंग आणि सुरेंद्र पांडे काठमांडूच्या जिल्हा न्यायालयात गेले. न्यायालयाने जुलैमध्ये नकार दिला : आदेश सरकारला आहे, आम्हाला नाही. पाटण उच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. शेवटी २९ नोव्हेंबर २०२३ ला लमजुङ जिल्ह्यातल्या दोर्दी गाउँपालिकेत नोंद झाली. राजधानीच्या कोर्टात जे झालं नाही ते डोंगरातल्या ग्रामपंचायतीसारख्या कार्यालयात झालं, कारण आदेश त्या कार्यालयाच्या वरच्या खात्याला लागू होता.

एक बारकावा : माया ट्रान्स स्त्री आहेत आणि त्यांची कागदोपत्री नोंद पुरुष अशी. आपल्याकडे ट्रान्स व्यक्तीच्या विषमलिंगी विवाहाला 'सुप्रियो'मध्ये पाचही न्यायमूर्तींनी विद्यमान कायद्यातच मान्यता दिली आहे. तेव्हा तेवढ्यापुरते आपण नेपाळच्या पुढे आहोत, हे बहुतेकांच्या गावी नसतं.

नारळीपाक

सिंगापूरची चलाखीही नोंदवून ठेवा. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं आपलं कलम ३७७ आणि त्यांचं ३७७अ दोन्ही इंग्रजांची देणगी. त्यांनी २०२२ च्या नोव्हेंबरअखेर ३७७अ रद्द केलं आणि त्याच बैठकीत घटनादुरुस्ती करून विवाहाची व्याख्या ठरवण्याचा अधिकार संसदेकडे बंद करून ठेवला, कोर्टात आव्हान देता येऊ नये म्हणून. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने दाराला कडी. आणि तिथे विवाह म्हणजे नुसता समारंभ नव्हे. सरकारी सदनिका नवी घ्यायची तर विवाहित जोडप्यांना लवकर मिळते, अविवाहिताला ३५ वर्षं पूर्ण व्हावी लागतात.

तिसरी_मुंबई

सगळं वाचलं. आता आज, महाराष्ट्रात, कायदा नसताना दोघांनी काय करायचं ते कुणी सांगेल का? निकाल आणि मतदानाचे आकडे खिशात घालून बँकेत जाता येत नाही.

दस्तऐवज

रास्त. क्रमाने नाही, जे जास्त चुकतं ते आधी सांगतो.

सगळ्यात मोठी चूक : नामनिर्देशन म्हणजे वारसा समजणं. नॉमिनी हा विश्वस्त, मालक नव्हे. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये 'शक्ती येझदानी' निकालात हेच पुन्हा सांगितलं. गृहनिर्माण संस्थेतही तेच : महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४ब-१३ प्रमाणे नॉमिनी तात्पुरता सभासद होतो, वारस ठरेपर्यंत. मृत्यूनंतर भाऊ-बहीण उभे राहिले की फ्लॅट हातचा जातो. म्हणून नॉमिनेशन आणि मृत्युपत्र दोन्ही हवं, आणि दोन्हीत एकच नाव हवं. आयुर्विम्यात तर आणखी पेच आहे. तिथे हक्काचा लाभार्थी नॉमिनी म्हणून फक्त आईवडील, पती-पत्नी आणि मुलं चालतात. जोडीदार नॉमिनी असला तरी तो रक्कम वारसांसाठी घेतो, त्यामुळे विम्याची रक्कमही मृत्युपत्रात लिहा.

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण करा. दोन साक्षीदार, लाभार्थी त्यात नको. साक्षीदार वयाने लहान निवडा, मृत्युपत्र सिद्ध करायची वेळ येईल तेव्हा हयात हवेत. घरच्यांचा विरोध अपेक्षित असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा, कारण आव्हान बहुतेकदा 'शुद्धीत नव्हता' किंवा 'दबाव टाकला' असंच येतं.

जिवंतपणी बक्षीसपत्र करायच्या मोहात पडू नका. पती-पत्नी किंवा मुला-नातवंडांना निवासी घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक २०० रुपये. जोडीदार कायद्याच्या नजरेत परका, म्हणून खरेदीखताच्या दराने. वर प्राप्तिकर : नातेवाईक नसलेल्याकडून ५०,००० रुपयांच्या वर मिळालेली भेट हे उत्पन्न धरलं जातं. हाच भेदभाव मुंबई उच्च न्यायालयात २०२५ मध्ये एका जोडप्याने आव्हानित केला आहे आणि न्यायालयाने ॲटर्नी जनरलना नोटीस काढली. मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेला मात्र हा कर नाही. घर घ्यायचंच असेल तर पहिल्यापासून दोघांच्या नावावर घ्या, करारनाम्यात हिस्सा टक्क्यांत लिहा आणि प्रत्येकाने आपल्याच खात्यातून पैसे भरा.

शेवंता

इस्पितळाचं मी लिहिते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम १४ वाचा : कोणीही सज्ञान व्यक्ती 'नामनिर्देशित प्रतिनिधी' होऊ शकते, साध्या कागदावर सही करून. नातं विचारतच नाही. भारतीय कायद्यात इतकं स्वच्छ कलम क्वचित सापडतं. पण ते मानसिक आजारापुरतं. इतर आजारांत, बरं होण्याची आशा नसताना उपचार थांबवायचे का या निर्णयासाठी, आगाऊ वैद्यकीय निर्देशपत्र ('लिव्हिंग विल'). सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०२३ ला ते सोपं केलं : दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. निर्णय कोण घेईल त्याच्या जागी जोडीदाराचं नाव लिहा. एकाहून जास्त नावं देता येतात, द्याच.

यात नेहमी काय चुकतं? कागद कपाटात असतो आणि माणूस अतिदक्षता विभागात. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे, एक जोडीदाराच्या मोबाइलमध्ये. मुखत्यारपत्रावर विसंबू नका, माणूस निर्णय घेण्यास असमर्थ झाला की साधं मुखत्यारपत्र उपयोगाचं राहत नाही, आणि नेमकं तेव्हाच ते लागतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने काही पत्रकं काढली, 'सुप्रियो'नंतर नेमलेल्या समितीमुळे. शिधापत्रिकेसाठी एकच कुटुंब धरावं, संयुक्त बँक खातं आणि नॉमिनी यांना आडकाठी नाही, आणि जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं. काउंटरवर हे ठाऊक नसतं, म्हणून बँकेत जाताना अर्थसेवा विभागाच्या २८ ऑगस्ट २०२४ च्या पत्राची छापील प्रत न्या. आणि शेवटच्या मुद्द्यातली अट नीट वाचा : 'नातेवाईक उपलब्ध नसतील तर'. नातेवाईक आले, तर जोडीदार मागे.

कोकणपट्टी

वरचा सगळा सल्ला महाराष्ट्रापुरता समजा. गोव्यात मृत्युपत्राची पद्धत वेगळी आहे. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज संहितेची परंपरा, आता २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यात आलेली. मुलं किंवा आईवडील हयात असतील तर निम्मी मालमत्ता त्यांचीच, तुम्ही मृत्युपत्राने हवी तशी देऊ शकता ती उरलेली निम्मी. म्हापशाच्या माणसाने पुण्याच्या वकिलाचा नमुना उतरवून 'सर्व मालमत्ता जोडीदारास' लिहिलं तर निम्म्यावर पाणी.

आणि 'पोर्तुगालने २०१० मध्ये समलिंगी विवाह मान्य केला, मग गोव्यात का नाही' असं विचारू नका. गोव्यात राहिली ती १९६१ पर्यंतची संहिता, त्यानंतरच्या लिस्बनच्या दुरुस्त्या इथे येत नाहीत.

घटोत्कच

@शेवंता, एक दुरुस्ती सुचवतो. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने दोन स्त्रियांच्या प्रकरणात म्हटलं की कुटुंब उभं करायला विवाह हा एकमेव मार्ग नाही, 'निवडलेलं कुटुंब' ही कल्पना आता न्यायशास्त्रात रुजली आहे. नातेवाईक दारात उभे राहिले तर हा निकाल वकिलाच्या हातात असू द्या. आधीच्या माझ्या प्रतिसादांवरून मी विरोधक वाटलो असेन. संसदेनेच करावं हे माझं मत कायम आहे, पण संसद करत नाही तोवर पार्थिव कुणाच्या ताब्यात जाईल हे नातेवाइकांच्या मर्जीवर सोडावं असं मी म्हटलेलं नाही.

शेवंता

@घटोत्कच, तो निकाल माहीत आहे. पण ती स्त्री सज्ञान होती, जिवंत होती आणि स्वतः कोर्टात येऊन सांगू शकली की मला हिच्यासोबत जायचं आहे. शवागारात तसं कोण सांगणार? म्हणून कागद. मृत्युपत्रात अंत्यविधीची इच्छा लिहितात, पण मृत्युपत्र उघडतं तेराव्यानंतर. ती वेगळ्या कागदावर, नोटरी करून, आगाऊ निर्देशपत्रासोबत ठेवा.